विधेयक अकराशे सत्त्याऐंशी आणि आमचा बाक

बाक मी केला, हा गुन्हा मला कबूल आहे. साडेचार फूट लांब, रेडवूडच्या फळ्या, एकही खिळा बाहेर नाही, आणि बसणाऱ्याला उठताना धरायला दोन्ही बाजूंना भक्कम हात. एकतीस वर्षं हायस्कुलात पोरांना सुतारकाम शिकवलेल्या माणसानं निवृत्तीनंतर दुसरं काय करायचं? बाक उत्तमच झाला होता. चुकली ती जागा.

आमच्या सॅन इलारियोत फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये चार फुटांची गवताची पट्टी असते. तिथलं गवत मी कापायचं, पाणी मी घालायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांची कुत्री तिथं जे काही ठेवून जातात ते मीच उचलायचं. मालकी मात्र नगरपालिकेची. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण जी जागा आपण वीस वर्षं झाडतो ती थोडीशी आपली वाटायला लागते, आणि त्या थोड्याशा आपल्या जागेवर मी बाक ठेवला.

ठेवला तो अवाकियनबाईंसाठी. आमच्यापासून वर चढावर चौथं घर त्यांचं. वय चौऱ्याऐंशी, गुडघे त्याहून म्हातारे, जीभ मात्र विशीतली. रोज सकाळी त्या उताराच्या टोकाला असलेल्या आर्मेनियन बेकरीत जायच्या, लवाशची, म्हणजे त्यांच्या पातळ रोटीची, एक गुंडाळी घ्यायच्या आणि चढ चढून परत यायच्या. त्यांचा मुलगा राफी ग्लेन्डेलला राहतो. त्याचं आईला रोजचं सांगणं, "आई, तुला आता एकटीला जमत नाही, माझ्याकडे ये." शेवटी मायलेकांत तह झाला. जोवर आई स्वतःच्या पायांनी बेकरीत जाऊन परत येते, तोवर तिनं आपल्या घरात राहायचं. ज्या दिवशी जमलं नाही त्या दिवशी सामान बांधायचं. आणि हा राफी असा बिलंदर, की रोज अकराला बेकरीत फोन करून विचारायचा, "आई आली होती का? चालत आली होती का?"

बाईंचा दम बरोबर आमच्या घरासमोर संपायचा. पूर्वी त्या आमच्या टपालपेटीच्या खांबाला मिठी मारून उभ्या राहायच्या. बाक झाल्यावर बसायला लागल्या. दहा मिनिटं बसायचं, माझ्या गवताला नावं ठेवायची, माझ्या बायकोच्या, डोरीनच्या, गुलाबांना नावं ठेवायची, आणि टवटवीत होऊन वर जायचं. सगळं छान चाललं होतं.

मग रिगोनं बातमी आणली. रिगोबेर्तो सांदोव्हाल म्हणजे आमचा शेजारी, कालवा खात्यातून निवृत्त झालेला. जगातला कोणताही विषय असो, 'आमच्या कालवा खात्यात असंच एकदा झालं' इथून त्याचं भाषण सुरू होतं. तो वर्तमानपत्र नाचवत आला.

"लाइल, तुझा बाक गेला!"

मी दचकून खिडकीतून पाहिलं. बाक होता.

"अरे, आता नाही. कायद्यानं जाणार. सॅक्रामेंटोला, आपल्या राज्याच्या विधानसभेत, विधेयक आलंय. अकराशे सत्त्याऐंशी. लोक जुने सोफे रस्त्याकडेला टाकतात ना, 'फुकट घ्या' अशी चिठ्ठी लावून? त्यातल्या एकावर कुणी आमदार अडखळून पडला म्हणे. आता फुटपाथलगत खासगी लाकडी, लोखंडी, कापडी, काही म्हणता काही ठेवायचं नाही. सरसकट उचलणार!"

"तो आमदार पडला म्हणून माझा बाक उचलायचा?" मी म्हणालो.

"तू विरोध कर," रिगो म्हणाला. "पण एकट्याचा विरोध कोण विचारतो? नगरपालिकेकडून विरोध करव. आपल्या नगरपरिषदेची एक समिती आहे, तीन सभासदांची. राज्यात येणाऱ्या विधेयकांवर आपल्या गावाचं मत काय, ते ठरवून ती पत्र पाठवते. गावाचं पत्र म्हणजे गावाचं पत्र!"

डोरीन स्वयंपाकघरातून म्हणाली, "लाइल, त्या बाकाबद्दल आजपर्यंत कुणी काही म्हणालंय का?"

"नाही."

"मग तूही काही म्हणू नकोस."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इतक्या सोप्या शब्दांत मला सांगणारी बायको घरात असताना मी रिगोचं ऐकलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी हेच करत आलो आहे.

या समितीची बैठक महिन्यातून एकदा, बुधवारी दुपारी दोनला. मी आधी एक बैठक नुसती पाहायला गेलो. श्रोत्यांत मी एकटाच. समितीची मतंही साधी नसतात, बरं का! पाठिंबा आणि विरोध तर आहेतच. शिवाय 'दुरुस्ती केल्यास पाठिंबा', 'दुरुस्ती न केल्यास विरोध', आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे 'लक्ष ठेवणे'. त्या दिवशी अकरा विधेयकं होती, त्यांतल्या नऊंवर समितीनं लक्ष ठेवलं. मला ही पद्धत फार आवडली. संध्याकाळी डोरीननं विचारलं, "कपाट आवरणार आहेस का?" मी म्हणालो, "लक्ष ठेवून आहे." तिचं मत विरोध असं पडलं.

पण माझ्या बाकावर नुसतं लक्ष ठेवून भागणार नव्हतं. रिगो म्हणाला, "बैठकीत कुणाचं मत बदलत नसतं. आधी एकेकाला गाठ. आमच्या कालवा खात्यात असंच करायचे."

म्हणून मी पहिल्यांदा सोकुन केओंना गाठलं. ते नगरसेवक, आणि मुख्य रस्त्यावरचं डोनटचं दुकान त्यांचं. पहाटे तीनपासून कामाला लागलेला माणूस. सकाळी नऊला त्यांना कशालाही हो म्हणायला लावता येतं. मी दोन डोनट घेतले, बाकाचा फोटो दाखवला, अवाकियनबाईंचे गुडघे सांगितले.

"माझी आईसुद्धा अशीच बसत बसत चालायची," केओ म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "जा तुम्ही. माझं मत विरोधात."

त्यांनी मला तिसरा डोनट दिला आणि पैसे घेतले नाहीत. माझी छाती फुगली. तसाच मी न्हाव्याच्या दुकानात गेलो. तिथं दुसरे सभासद, एल्रॉय टॅगर्ट, गळ्याला कापड बांधून बसले होते. बदामाच्या बागा विकून राजकारणात आलेला हा गृहस्थ कुणाच्या आधी मत देत नाही अशी ख्याती.

"केओ काय म्हणतोय?" त्यांनी आरशातून विचारलं.

"केओ आपल्या बाजूनं आहेत," मी सांगितलं.

"मग मीही आहे," टॅगर्ट म्हणाले, आणि न्हाव्याला मानेवरचे केस आणखी कमी करायला सांगितले.

तिघांतले दोघे खिशात! अध्यक्ष लोरेटा किम्ब्रोबाई राहिल्या तरी चालणार होतं. त्या रात्री मी बाकाला तेलाचा एक हात दिला.

बैठकीच्या दिवशी मी कोट घातला. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. समोर हिरवा दिवा लागतो, मग पिवळा, मग लाल. मी बाकाचा फोटो, मापं आणि आमचा पूर्ण पत्ता असलेली पुस्तिका करून आणली होती, सात प्रती. किम्ब्रोबाईंना एक, सभासदांना एकेक, चिटणीसबाईंना, वकिलांना, आणि दोन जास्तीच्या. बोललो बेताचं, पण शेवटी पिवळा दिवा लागल्यावर मला राहवलं नाही.

"आणि मला सांगायला आनंद वाटतो," मी म्हणालो, "की केओसाहेबांनी मला आधीच शब्द दिला आहे, आणि ते ऐकून टॅगर्टसाहेबांनीही दिला आहे!"

केओंनी डोळे मिटले. टॅगर्ट आपल्या नव्या हजामतीवरून हात फिरवायला लागले. नगरपालिकेचा वकील, एक किडकिडीत तरुण, खुर्चीतून अर्धा उठला.

"तुम्ही एकाचं मत दुसऱ्याला सांगितलंत?"

"हो. का?"

"या दोघांत बहुमत आहे! बहुमतानं एखाद्या विषयावर जाहीर सभेबाहेर विचारविनिमय करणं कायद्यानं बंद आहे. समोरासमोर नाही, फोनवर नाही, आणि मधल्या माणसामार्फत तर नाहीच नाही. कायद्याच्या दृष्टीनं या समितीची एक बेकायदा सभा होऊन गेली आहे."

"पण कुठे?" किम्ब्रोबाईंनी विचारलं. "हे दोघं भेटलेच नाहीत."

वकिलानं माझ्याकडे बोट दाखवलं. "यांच्यात."

सदुसष्ट वर्षं मी सरळ वागलो. एकदा लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं, तेवढाच डाग. आणि आता बिनसूचनेची, बिनइतिवृत्ताची एक सभा डोनटच्या दुकानापासून न्हाव्यापर्यंत माझ्या आत भरली होती, आणि ती भरली तेव्हा मी डोनट खात होतो. चिटणीसबाईंनी ते नोंदवून घेतलं, अगदी माझ्या आडनावाचं स्पेलिंग विचारून. विषय एक महिना पुढे ढकलला गेला. खाली बसता बसता वकिलानं पुस्तिका पुन्हा चाळली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाय द वे, या बाकाला परवाना कधी घेतलात?"

लाल दिवा लागलेला होता, म्हणून मी बोललो नाही. या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच मी नियम पाळला, आणि तोही उशिरा.

पुढच्या महिन्यात सगळं विधिपूर्वक पार पडलं. केओंनी आणि टॅगर्टनी घडल्या प्रकाराची जाहीर कबुली दिली, माझ्याकडे न बघता. मागच्याच महिन्याचे कागद पुन्हा वाटले गेले आणि समितीनं तीन विरुद्ध शून्य असा ठराव केला: विधेयक क्रमांक अकराशे सत्त्याऐंशी, विरोध. पत्र गेलं. त्याची प्रत मी घरी आणून चौकटीत बसवली, चौकट अर्थात स्वतः केली. अवाकियनबाईंना बोलावून वाचून दाखवली. त्यांनी माझ्या गालाचा मुका घेतला आणि दुसऱ्या दिवशी जर्दाळूचा मुरंबा पाठवला. मुरंबा संपायच्या आत दोन गोष्टी झाल्या.

पहिली म्हणजे नगरपालिकेच्या बाई आल्या. फार सभ्य. हातात माझीच पुस्तिका. फोटो बाकाशी ताडून पाहिला, मापं घेतली, "मापं अगदी अचूक दिलीत हं," अशी शाबासकीही दिली. मग बाकावर नारिंगी कागद चिकटवला. त्या पट्टीवर सामानाचा मालक हजर नसताना सामान ठेवायचं नाही असा आमच्याच नगरपालिकेचा नियम आहे, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा. दहा दिवसांत बाक हलवा. आजवर कुणी तक्रार केली नव्हती, म्हणून कुणी पाहिलं नव्हतं.

"मग आता तक्रार कुणी केली?" मी विचारलं.

"तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही कळवलंत ना."

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. डोरीन दारात उभी होती.

दुसरी गोष्ट रिगोनं आणली. यावेळी वर्तमानपत्र नाचवलं नाही, पाठीमागे धरून आला.

"लाइल, बस जरा. ते विधेयक बदललंय."

"बदललंय म्हणजे?"

"पोटातलं सगळं काढून टाकलं आणि दुसरं भरलं. नंबर तोच. सॅक्रामेंटोत असं करतात. सोफे गेले. आता त्यात असं आहे, की म्हाताऱ्यांना टेकायला म्हणून कुणी घरासमोर मापातला बाक ठेवला, तर कोणत्याही नगरपालिकेनं तो काढायचा नाही."

"हे कधी झालं?"

"तुमच्या दुसऱ्या बैठकीच्या चार दिवस आधी."

म्हणजे माझा बाक वाचवणारा एकच कायदा या राज्यात येऊ घातला होता, आणि त्याला विरोध करायला लावण्यासाठी मी दोन महिने चपला झिजवल्या होत्या. भिंतीवर चौकटीत तो विरोध टांगलेला होता. मी धावत चिटणीसबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, समितीला आता सुट्टी, पुढची बैठक ऑगस्टात. आणि सॅक्रामेंटोत विधेयकावरची सुनावणी? येत्या मंगळवारी.

बाक मी गॅरेजमध्ये आणला. अवाकियनबाई पहिल्या दिवशी टपालपेटीला धरून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी खाली वाकून फुटपाथच्या कडेला बसल्या, तर उठता येईना. मी आणि डोरीननं मिळून उठवलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना बेकरीच्या दारातूनच गाडीत बसवून घरी सोडलं. बेकरीवाल्यानं ते काचेतून पाहिलं आणि अकराच्या फोनवर खरं सांगितलं. आर्मेनियन माणूस, आईच्या बाबतीत मुलाशी खोटं बोलणार नाही. संध्याकाळी राफीचा फोन आला. पहिल्या तारखेला तो ट्रक घेऊन येणार होता.

"लाइल," बाई मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी त्या चुलीवर स्वयंपाक केलाय. ग्लेन्डेलला त्याची बायको मला कांदासुद्धा चिरू देणार नाही." आणि त्या रडायला लागल्या. मला इतकी लाज वाटली की मी तिथल्या तिथं म्हणालो, "मंगळवारी आपण सॅक्रामेंटोला जातोय."

तीन तासांचा रस्ता. ज्या पत्रासाठी बाईंनी माझा मुका घेतला होता तेच आता आडवं येणार, हे त्यांना सांगायचं धाडस मला वाटेत झालं नाही. मी पुन्हा कोट घातला, पुन्हा भाषण लिहिलं, यावेळी पाच पानांचं. बाईंनी काळा पोशाख, मोत्यांची माळ आणि वाटेत खायला भात भरून गुंडाळलेल्या द्राक्षपानांचा डबा घेतला होता. दालन खचाखच भरलेलं. आणि तिथं कळलं, की मुख्य साक्षीदार फक्त दोन. बाकीच्यांनी रांगेत उभं राहून माइकवर फक्त नाव, गाव आणि 'बाजूनं' की 'विरोधात' एवढंच सांगायचं. पाच पानं मी घडी करून खिशात घातली.

रांग लागली. फटाफट नाव, गाव, बाजूनं. नाव, गाव, बाजूनं. अवाकियनबाईंचा नंबर आला. रांग दारापाशी थांबवलेली, तिथून माइकपर्यंत चाळीस पावलं, आणि किंचित उतार. बाई निघाल्या. पाच पावलं. थांबल्या. सहा पावलं. थांबल्या. सगळं दालन थांबलं. अध्यक्षीणबाईंनी घड्याळ पाहिलं. बोलण्यावर त्यांना बंधन घालता येत होतं. चालण्यावर कोणता नियम लावणार? अर्ध्या वाटेत बाई छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बसायला काही नाहीये का इथं?"

विधेयक मांडणारा आमदार स्वतःची खुर्ची उचलून धावत आला. बाई मधल्या वाटेतच बसल्या. रुमालानं कपाळ पुसलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. चौदा आमदार, दोन शिपाई आणि मागची सबंध रांग एका बाईचा दम परत येण्याची वाट पाहत होती. मग त्या उठल्या, माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सिरानुश अवाकियन. सॅन इलारियो. बाजूनं." आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसल्या.

माझ्या पाच पानांत याहून जास्त काही नव्हतं.

मागची रांग संपत आली, शेवटचा मी उरलो, तेव्हा अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "विरोधात कुणी?" कुणीच उठलं नाही. त्यांच्या साहाय्यकानं कागद वाचला, "लेखी विरोध एकच. सॅन इलारियो नगरपालिका."

"काय?" वाटेतल्या खुर्चीवरून अवाकियनबाई कडाडल्या. "कोण आहेत हे मेले? आपल्याच गावचे? त्यांची हाडं वाळोत!"

रांगेत मी माइकपाशीच पोचलो होतो. सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त नाव, गाव आणि मत सांगायची परवानगी होती, पण त्या बाईंसमोर मला गप्प राहवेना.

"लाइल बॅकस्ट्रॉम," मी म्हणालो. "सॅन इलारियो. बाजूनं. आणि तो विरोधही माझाच."

लोक खोखो हसले. अध्यक्षीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "पाठिंबा आणि विरोध एकाच माणसाचा, हे मी अठरा वर्षांत पहिल्यांदा पाहते आहे." अवाकियनबाई मात्र हसल्या नाहीत. विधेयक अकरा विरुद्ध तीन मतांनी पुढं सरकलं. पण परतीच्या रस्त्यात पहिला दीड तास त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. डबा मांडीवर बंद. एका पेट्रोल पंपावर त्यांनी तो उघडला, मला एक द्राक्षपान दिलं आणि म्हणाल्या, "तू नुसता गप्प बसला असतास तर?"

"तर बाक जागेवर असता," मी म्हणालो.

"खा," त्या म्हणाल्या.

कायदा यथावकाश झाला, पण आमच्याकडे कायदे एक जानेवारीपासून लागू होतात. पहिल्या तारखेला येणारा राफीचा ट्रक जानेवारीपर्यंत थांबणार नव्हता. तेव्हा मी तो नारिंगी कागद पुन्हा वाचला. मालक हजर नसताना सामान ठेवायचं नाही, असं त्यात होतं. मी नगरपालिकेच्या त्या सभ्य बाईंना फोन केला आणि विचारलं, मालक हजर असला तर? त्यांनी नियम काढून पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "पूर्ण वेळ हजर हवा. घरात जाऊन चालणार नाही."

तेव्हापासून रोज सकाळी साडेदहाला मी गॅरेजमधून बाक ओढत आणतो, पट्टीवर ठेवतो आणि शेजारी उभा राहतो. बसत नाही, हजर आहे हे लांबून दिसलं पाहिजे. राफीनं एकदा येऊन हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि रिकामा ट्रक घेऊन गेला. रिगो येऊन सल्ले देतो. केओ गाडीतून जाताना हॉर्न वाजवतात. टॅगर्ट दोन मिनिटांनी मागून येतात आणि केओंनी वाजवला होता का ते विचारून मग वाजवतात. मी एकालाही दुसऱ्याचं काही सांगत नाही.

अवाकियनबाई लवाशची गुंडाळी मांडीवर घेऊन बसतात. माझ्या गवताला नावं ठेवतात, माझ्या टोपीला ठेवतात, ग्लेन्डेलच्या सुनेला ठेवतात. दहा मिनिटांत त्यांचा दम परत येतो हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या पाऊण तास बसतात. माझे पाय भरून येतात, पण मी काही बोलत नाही.